दिव्याचं बिल कोणी भरायचं?

इंग्रजी साहित्य घेऊन बीए-एमए केलेल्या कुणालाही हा प्रश्न पाठ असेल: 'द ग्लास मिनॅजरी' या अमेरिकन नाटकातल्या प्रतीकांची चर्चा करा. उत्तरही ठरलेलं असतं. काचेचा एकशिंगी घोडा म्हणजे लॉराचं हळवेपण. आग लागली तर उतरायचा तो लोखंडी जिना म्हणजे सुटका. मेणबत्ती म्हणजे आशा. भिंतीवरचा बापाचा फोटो म्हणजे जबाबदारी टाकून पळणं. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ, की झाले गुण पदरात. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही, तरीही एवढं लिहून झाल्यावर नाटकाबद्दल काही सांगितलंय असं वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की गेल्या शतकातल्या चांगल्या अमेरिकन नाटकांत प्रतीक ही आधी एक वस्तू असते. त्या वस्तूला किंमत असते, ती कुणीतरी भरलेली किंवा थकवलेली असते आणि सगळं नाट्य त्या थकबाकीत असतं. ती किंमत बाजूला सारून अर्थ तेवढा उचलला, तर नाटककाराने केलेलं मुख्य कामच आपण वगळतो.

त्या मेणबत्तीपासूनच सुरुवात करू. टेनेसी विल्यम्सचं हे नाटक 26 डिसेंबर 1944ला शिकागोत उभं राहिलं आणि मार्च 1945 मध्ये न्यूयॉर्कला आलं. सेंट लुईसमधल्या एका कोंदट भाड्याच्या घरात आई अमांडा, मुलगी लॉरा आणि मुलगा टॉम राहतात. टॉम बुटांच्या कंपनीच्या गोदामात कामाला आहे, पगार महिना 65 डॉलर. लॉराला टायपिंग शिकवायला आईने 50 डॉलर फी भरली होती. पोरीला तिथे धसकाच बसला आणि क्लासला जायचं सोडून ती बागेत आणि प्राणिसंग्रहालयात फिरत राहिली. आता शेवटचा उपाय म्हणून टॉमच्या ओळखीतल्या जिमला जेवायला बोलावलंय, लॉरासाठी. जेवणं उरकतात आणि घरातले दिवे जातात. जिम फ्यूज बघतो, तो ठीक असतो. मग अमांडा टॉमला लाइट बिलाचं विचारते. ते भरलेलंच नसतं. प्रेक्षकाला हे आधीच माहीत आहे, कारण आदल्या प्रवेशात टॉमने जिमला सांगितलंय की त्या पैशांतून त्याने खलाशांच्या युनियनची वर्गणी भरली. त्याला घर सोडून जायचंय.

म्हणून मेणबत्त्या लागतात. ज्या शमादानात त्या लावल्या आहेत ते एका चर्चच्या वेदीवरचं. चर्चवर वीज पडून आग लागली तेव्हा ते थोडं वितळून वेडंवाकडं झालेलं. त्या उजेडात लॉरा पहिल्यांदा परक्या माणसाशी मोकळी होते, त्याच उजेडात काचेचा घोडा जिमच्या तळहातावर चमकतो आणि दोघं नाचताना टेबलाला धक्का लागून त्याचं शिंग तुटतं. लॉराच्या आयुष्यातला एकमेव सुंदर तासभर भावाने बुडवलेल्या बिलातून आलेला आहे. बिल भरलं असतं, तर वर बल्ब लखलखत राहिला असता आणि लॉरा नेहमीसारखी भिंतीला टेकून अंग चोरून बसली असती. भावाचं पळून जाणं आणि बहिणीचं उमलणं एकाच पैशावर चाललंय. शेवटी, अनेक वर्षांनी, टॉम दूर कुठूनतरी लॉराला मेणबत्त्या विझवायला सांगतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण त्या मेणबत्त्यांचं देणं त्याच्या नावावर आहे आणि ते फिटणारं नाही. 'मेणबत्ती म्हणजे आशा' या उत्तरात यातलं काय उरतं?

विल्यम्सने मूळ संहितेत एक पडदाही सुचवला होता. प्रसंगाचा अर्थ सांगणारे शब्द आणि चित्रं त्याच्यावर दिसावीत, अशी योजना. ब्रॉडवेच्या प्रयोगात तो पडदा गाळला गेला आणि विल्यम्सने पुढे लिहिलं की त्याचं आपल्याला दुःख नाही, कारण अमांडा करणाऱ्या लॉरेट टेलरच्या अभिनयाला साधेपणाच शोभत होता. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. तो पडदा म्हणजे रंगमंचावर टांगलेलं गाइडच झालं असतं.

युजीन ओनीलच्या 'लाँग डेज जर्नी इनटू नाइट'मध्ये तर दिव्याच्या बिलावर अख्खा अंक पेललेला आहे. हे नाटक त्याने 1941 मध्ये पूर्ण केलं, ते रंगमंचावर आलं त्याच्या मृत्यूनंतर, 1956 मध्ये स्टॉकहोमला. जेम्स टायरोन हा नावाजलेला नट. जमिनी घेण्यात पैसा ओततो, पण घरात एक बल्ब जास्त जळला तर अस्वस्थ होतो. चौथ्या अंकात मध्यरात्री धाकटा मुलगा एडमंड दारू पिऊन येतो आणि अंधारात त्याचा गुडघा आपटतो. बापलेकांचं जुंपतं. मुलगा म्हणतो, मी हिशोब करून दाखवलाय, रात्रभर एक बल्ब जाळला तरी दारूच्या एका पेल्याइतकाही खर्च येत नाही. चिडून बाप झुंबरातले तिन्ही बल्ब लावतो. होऊ दे दिवाळं, शेवटी गरीबखानाच आहे, अशा थाटात. एडमंडला क्षय झालाय आणि बापाने त्याला स्वस्तातल्या सरकारी आरोग्यधामात पाठवायचं ठरवलंय. म्हणजे भांडण कशावरून चाललंय ते दोघांनाही ठाऊक आहे.

मग त्या लख्ख उजेडात बाप बोलायला लागतो. त्याचा स्वतःचा बाप सोडून गेलेला, दहा वर्षांचं पोर यंत्रांच्या कारखान्यात दिवसाला बारा तास राबतंय, आठवड्याला पन्नास सेंट. एक डॉलर म्हणजे काय हे तिथे कळलं. पुढे नट म्हणून नाव झालं, शेक्सपिअर करण्याची धमक अंगात होती, पण एक हमखास पैसा देणारं नाटक स्वस्तात हाती लागलं आणि तेच करत त्याने उमेद घालवली. नेमकं काय विकत घ्यायचं होतं म्हणून हे सगळं केलं, असं तो स्वतःलाच विचारतो. हे सगळं कबूल केल्यावर तो मुलाला सांगतो की त्या जादा दिव्यांनी डोळे चुरचुरतात, बंद केले तर चालेल ना, वीज कंपनीला श्रीमंत कशाला करायचं. आणि उठून एकेक बल्ब विझवतो.

मला अमेरिकन रंगभूमीवरची ही सर्वांत क्रूर आणि सर्वांत मायेची कृती वाटते. कंजूषपणा कुठून आला हे आपल्याला आत्ताच कळलंय. ते कळूनही तो सुटत नाही. उजेड म्हणजे सत्य, अंधार म्हणजे खोटं, अशी जोडी इथे लावून बघा, काही हाती लागणार नाही. तिन्ही बल्बांचा दर माहीत असेल तरच तो हात वर जाताना पोटात तुटतं. ज्या नटाने ही भूमिका करायची त्यानेही बल्ब विझवताना 'प्रतीक' करू नये. पैसे वाचवावेत.

विल्यम्सच्याच 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मध्ये (1947, तेंडुलकरांनी ते 'वासनाचक्र' या नावाने मराठीत आणलं) बहिणीकडे राहायला आलेली ब्लांश उघड्या बल्बवर कागदी कंदील चढवते. वय लपवणं, भ्रम जपणं, हे सगळं त्यात आहेच. पण शेवटच्या प्रवेशात बहिणीचा नवरा स्टॅन्ली तिला काय म्हणतो बघा. इथे तुझं काही राहिलं नाही, सांडलेली पावडर आणि सेंटच्या रिकाम्या बाटल्या तेवढ्या, कंदील न्यायचा असेल तर ने. आणि तो बल्बवरून ओरबाडून तिच्यापुढे धरतो. हा तोच माणूस, ज्याने सुरुवातीला तिची ट्रंक उपसून फरच्या कपड्यांची किंमत काढायला घेतली होती आणि घराण्याची हवेली कशी गेली त्याचे कागद मागितले होते. त्याने पहिल्या दिवसापासून हिशोब मांडलाय आणि कंदील ही त्या यादीतली शेवटची ओळ आहे. ब्लांश किंचाळते, कारण तिच्या मालकीचं जगात तेवढंच उरलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, हा फारच हिशोबी दृष्टिकोन झाला. नाटक म्हणजे काय वाण्याची वही आहे? आणि रंगमंचावर वस्तूच नसतील तर? थॉर्न्टन वाइल्डरच्या 'अवर टाउन'मध्ये (1938) पडदा नाही, नेपथ्य नाही. दोन टेबलं, काही खुर्च्या, दोन शिड्या. बायका नसलेल्या शेंगा मोडतात, नसलेल्या चुलीवर नाश्ता करतात. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याच नाटकात जाऊन बघितलं पाहिजे. पहिल्या अंकात मिसेस गिब्ज शेजारणीला हळूच सांगते की बोस्टनच्या एका जुन्या फर्निचरवाल्याने आजीच्या कपाटाला 350 डॉलर देऊ केलेत. तेवढ्यात तिची एकदा पॅरिस बघायची हौस भागली असती. नवरा काही हलत नाही. तिसऱ्या अंकात ती मेलेली आहे, स्मशानात खुर्चीवर बसलीय, आणि नुकतीच मेलेली सून एमिली तिला उत्साहाने सांगते: तुम्ही ठेवलेल्या पैशांतून आम्ही शेतावर गुरांसाठी सिमेंटचा हौद बांधला, त्यातलं पाणी एका पातळीच्या खाली जात नाही आणि सांडतही नाही. पॅरिसचा हौद झाला, आणि मिसेस गिब्जने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ज्या नाटकाने सगळ्या वस्तू हद्दपार केल्या त्याने एक न दिसणारं कपाट तेवढं ठेवलं, तेही किंमत सांगून.

त्याहून जुनं उदाहरण ओनीलच्या 'द एम्परर जोन्स'चं, 1920 मधलं. सगळे आठवतात तो त्यातला ढोल. माणसाच्या नाडीच्या ठोक्याने सुरू होतो आणि न थांबता वाढत जातो, प्रेक्षकाची छाती त्याच्याबरोबर धडधडू लागते. प्रतीक कानातून शरीरात कसं शिरतं त्याचा हा धडा आहे. पण एका बेटाचा सम्राट बनून बसलेला जोन्स ज्याने मरतो ती चांदीची गोळी कशाची? आपल्याला फक्त चांदीची गोळी मारू शकेल अशी थाप त्यानेच बेटावरच्या लोकांना मारलेली. त्यांनी नाणी वितळवून गोळ्या ओतल्या. ज्या पैशासाठी त्याने त्यांना पिळलं, तोच पैसा त्याच्या अंगात घुसतो.

हे फक्त अमेरिकेचं आहे असं मात्र म्हणता येणार नाही. चेखॉव्हची चेरीची बाग कर्जापायी लिलावात जाते, तारखेसकट. फरक मला हप्त्यात दिसतो. चेखॉव्हकडे वडिलोपार्जित ठेवा हातातून निसटतो. अमेरिकन घरात नवीकोरी वस्तू येते आणि ती आपली होईपर्यंत मोडून गेलेली असते. आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये (1949) लोमन कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, रंगसूचनेनुसार, टेबल, तीन खुर्च्या आणि एक फ्रिज एवढंच दिसतं. बाकी काही नाही. नेपथ्यकार जो मिल्झिनरने उभारलेलं ते घर नुसता सांगाडा होतं, भिंतींतून आरपार दिसणारं, भोवती उंच इमारती दाटलेल्या. आणि त्या पोकळ घरात मधोमध हप्त्यांवरचा फ्रिज! सेल्समन विली लोमनची बायको लिंडा बिलं वाचून दाखवते: वॉशिंग मशीनचे 9 डॉलर 60 सेंट, व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन, छपराचे 21. मी हे आकडे वर्गात मोठ्याने वाचायला लावले असते. विलीच्या तोंडच्या स्वप्नांच्या भाषणांइतकंच ते या नाटकातलं काव्य आहे. त्याच्या थडग्यापाशी लिंडा सांगते की घराचा शेवटचा हप्ता आजच फेडला, आणि आता घरात राहायला कुणी नाही.

जिथे ही किंमत नसते तिथे काय होतं याचंही उदाहरण आहे. एडवर्ड ऑल्बीच्या 'टायनी अ‍ॅलिस'मध्ये (1964) रंगमंचावर एका वाड्याची प्रतिकृती आहे, तो वाडा म्हणजे आपण ज्यात आहोत तोच, आणि एकाला आग लागली की दुसऱ्याला लागते. कल्पना विलक्षण. प्रेक्षक आणि समीक्षक इतके गोंधळले की ऑल्बीला पुढे पत्रकार परिषद घ्यावी लागली. त्या नाटकातही पैसा आहे, चर्चला दरवर्षी दहा कोटी डॉलर, वीस वर्षं. पण तो कुणाच्या घामाचा नाही, कुणाच्या ताटातून गेलेला नाही. तिथे प्रतीक आधी ठरलं आणि वस्तू नंतर सुतारकाम करून बनवली, असं मला वाचताना जाणवत राहतं.

दिग्दर्शकांचाही इथे संबंध येतो. अलीकडे ही नाटकं बोडक्या रंगमंचावर करायची पद्धत रूढ झालीय आणि सगळी प्रॉपर्टी काढली की नाटक 'शुद्ध' होतं असं मानलं जातं. सरसकट विरोध करायचं कारण नाही. 2017 मध्ये सॅम गोल्डने ब्रॉडवेवर 'द ग्लास मिनॅजरी' जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर केलं. लॉराची भूमिका करणारी मॅडिसन फेरिस स्वतः व्हीलचेअर वापरते. सुरुवातीलाच ती प्रेक्षागृहाकडून पायऱ्यांवर हातांनी स्वतःला ओढत वर आली आणि आईच्या भूमिकेतली सॅली फील्ड मागून खुर्ची वर चढवत होती. काहींना हे रुचलं नाही, हळवी लॉरा हरवली म्हणाले. मला वाटतं, त्या काही मिनिटांत आई रोज काय ओढते हे कुठल्याही काचेपेक्षा लख्ख दिसलं. वस्तू काढल्या तरी वजन ठेवलं, म्हणून ते चाललं. वस्तू आणि वजन दोन्ही काढून केवळ निळा प्रकाश ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आणि काही नाटकांत वस्तू काढताच येत नाही. लोरेन हान्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन'मध्ये (1959, ब्रॉडवेवर आलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं पहिलं नाटक) शिकागोच्या अंधाऱ्या घरात लीना यंगर खिडकीत एक मरतुकडं रोप जगवतेय. नवऱ्याच्या विम्याचा 10,000 डॉलरचा चेक येतो. त्यातले 3,500 भरून ती गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, उरलेले मुलगा वॉल्टर दारूच्या दुकानाच्या धंद्यात गुंतवायला जातो आणि भामट्याच्या हाती गमावतो. तेव्हा आई म्हणते की तुझा बाप रात्रीमागून रात्र घोड्यासारखा राबून घरी आलेला मी पाहिलाय, आणि ते सगळं तू एका दिवसात देऊन टाकलंस. नाटककार हे हवेतून बोलत नव्हती. तिच्या वडिलांनी 1937 मध्ये गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं होतं, जमावाचे हल्ले सोसले होते, आणि खटला 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सामान बांधताना मुलगी विचारते, हे जुनाट रोप कशाला? आई सांगते, ते रोप म्हणजे मी आहे. पात्रानेच प्रतीक फोडून सांगावं हा खरं तर नाट्यलेखनातला दोष. इथे तो दोष वाटत नाही, कारण तोवर त्या घराचा पै न् पै आपल्यासमोर मोजला गेलेला असतो.

ऑगस्ट विल्सनच्या 'द पियानो लेसन'मध्ये (1990चं पुलित्झर) हा हिशोब तळाला जातो. 1936, पिट्सबर्गमधलं एक कृष्णवर्णीय घर, दिवाणखान्यात कोरीव चेहऱ्यांचा जुना पियानो. गुलामगिरीच्या काळात सटर नावाच्या मालकाने बायकोला भेट द्यायला तो घेतला. रोख नव्हती म्हणून बदल्यात माणसं दिली: एक बाई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. पुढे मालकिणीला त्यांची आठवण यायला लागली, तेव्हा त्या बाईच्या सुतार नवऱ्याला सांगितलं गेलं की त्यांचे चेहरे पियानोवर कोर. त्याने सांगितलं तेवढंच न कोरता आख्खं घराणं कोरलं, लग्नं, जन्म, मरणं. 4 जुलै 1911ला त्याच्या वंशजांनी तो सटरच्या घरातून उचलला आणि त्यापायी त्यांच्यातल्या बॉय चार्ल्सला रेल्वेच्या डब्यात जाळून मारलं. त्याच्या विधवेने पुढे सतरा वर्षं तो हातातून रक्त येईस्तोवर घासूनपुसून ठेवला.

आता बॉय चार्ल्सचा मुलगा बॉय विली दक्षिणेतून कलिंगडांचा ट्रक घेऊन आलाय. बचत, कलिंगडांचे पैसे आणि पियानोचे पैसे मिळवून त्याला जमीन घ्यायची आहे, सटरचीच, जिच्यावर त्याचे पूर्वज गुलाम म्हणून राबले. बहीण बर्नीस विकू देत नाही, पण वाजवतही नाही. बॉय विलीचं म्हणणं सरळ आहे: तू याच्यावर शिकवण्या घेऊन चार पैसे मिळवत असतीस तर मी हात लावला नसता, नुसताच पडलाय म्हणून विकतो. तो आणि मित्र मिळून पियानो हलवायला जातात, आणि तो जागचा हलत नाही. सगळ्या अमेरिकन रंगभूमीवर याहून जड वस्तू मला माहीत नाही. 'पियानो म्हणजे वारसा' हे उत्तर दोघं भावंडं मान्य करतील. भांडण त्यानंतर सुरू होतं: आपल्या माणसांच्या मोबदल्यात आलेली वस्तू विकून आपल्या माणसांसाठी जमीन घ्यावी, की ती राखावी? शेवटी सटरचं भूत घरात थैमान घालतं तेव्हा बर्नीस पियानोवर बसून पूर्वजांची नावं घेते आणि भूत जातं. बॉय विली गाडी पकडायला निघतो, पण बजावून जातो की तू आणि तुझी मुलगी हे वाजवत राहिला नाहीत, तर मी आणि सटर दोघंही परत येऊ.

बॉय विली बरोबर होता की बर्नीस? आपल्या इंग्रजीच्या पेपरात दहा गुणांना हा प्रश्न यावा, आणि उत्तरात पियानो किती माणसांना पडला ते आल्याशिवाय गुण मिळू नयेत.